पाच तारे आणि फुकटची वस्तू

ऑनलाइन खरेदीत वस्तू फुकट कशी पदरात पाडून घ्यावी, याचे धडे देणाऱ्या चित्रफितींना आणि संदेशगटांना सध्या तोटा नाही. त्यांत सांगितलेल्या बहुतेक युक्त्या निरुपद्रवी आहेत. साठलेल्या गुणांवर सवलत, पाठवणीचे शुल्क माफ, पुडक्यात टाकलेला नमुना, एकावर एक मोफत. साबणाच्या वडीबरोबर चमचा आणि चहाच्या पुड्याबरोबर पेला घेऊन मोठ्या झालेल्या पिढीला यात नवे काही वाटणार नाही. परंतु या यादीत एक मार्ग असा आहे की, ज्याचा विचार गांभीर्याने व्हायला हवा. वस्तू विकत घ्या, तिला पाच तारे द्या, चार ओळींचा गोड अभिप्राय लिहा आणि पूर्ण पैसे परत मिळवा, असा तो मार्ग आहे.

यात बिघडले कोठे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर महानगरापेक्षा खडवलीसारख्या गावात अधिक स्पष्ट दिसते. कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळ्याच्या पुढचे हे स्थानक भातसा नदीमुळे पावसाळी सहलींसाठी ठाऊक आहे. चार दुकाने हिंडून, वस्तू हाताळून, भाव करून खरेदी करायची, तर येथील माणसाला टिटवाळा, आंबिवली आणि शहाड ओलांडून कल्याण गाठावे लागते. दुसऱ्या बाजूला, मुंबई-नाशिक महामार्गावर पडघ्यापासून भिवंडीपर्यंत गोदामांचा पसारा आहे. देशातील मोठ्या साठवणकेंद्रांत त्याची गणना होते. माल असा हाकेच्या अंतरावर असतो. पण गोदामात शिरून मिक्सर चालवून पाहण्याची सोय ग्राहकाला नाही. त्याच्यापुढे असतात ते फोनच्या पडद्यावरील चित्र, किंमत आणि अनोळखी माणसांनी दिलेले तारे. ‘हा घेऊ नका, मोटर लवकर जळते’ असे सांगणाऱ्या ओळखीच्या दुकानदाराची जागा या ताऱ्यांनी घेतली आहे. तो दुकानदारही स्वार्थी होता, हे खरे. परंतु दुसऱ्या दिवशी त्याला गावात तोंड दाखवायचे असे.

पैसे परतीच्या व्यवहाराची रीत पाहण्यासारखी आहे. विक्रेत्याचा दलाल एखाद्या संदेशगटावर वस्तूचे छायाचित्र टाकतो. थेट दुवा तो सहसा देत नाही. अमुक शब्द टाकून वस्तू शोधा, दोन-तीन इतर वस्तूही चाळा आणि मग आमची मागवा, अशी सूचना असते. हेतू हा की, संकेतस्थळाला हा ग्राहक आपण होऊन आलेला वाटावा. पैसे ग्राहकाने स्वतःचे भरायचे. वस्तू घरी आली की काही दिवस थांबायचे, छायाचित्रासह पाच ताऱ्यांचा अभिप्राय द्यायचा आणि तो झळकल्यावर त्याची प्रत दलालाला पाठवायची. त्यानंतर रक्कम परत येते, किंवा येत नाही.

या योजनेतील खरी मेख येथे आहे. खोटे अभिप्राय ओळखण्यासाठी संकेतस्थळे ज्या खुणेवर विसंबतात, ती म्हणजे अभिप्राय लिहिणाऱ्याने वस्तू खरोखर विकत घेतली होती काय. येथे खरेदी खरी, पत्ता खरा, माणूसही खरा. मत तेवढे विकलेले. म्हणून हा अभिप्राय ‘पडताळलेली खरेदी’ या शिक्क्यासह दिमाखात उभा राहतो.

मग या फुकटाचे पैसे कोण देतो? समजा, सहाशे रुपयांच्या शंभर वस्तू विक्रेत्याने अशा वाटल्या. साठ हजार रुपये गेले. पुढच्या तीन हजार ग्राहकांवर ते वाटले, तर प्रत्येकाच्या माथी वीस रुपये पडतात. वीस रुपयांनी कोणी बुडत नाही. नुकसान होते ते त्या तीन हजारांनी वस्तूच चुकीची निवडल्यामुळे. ज्याच्या मालात दम आहे आणि अभिप्राय विकत घ्यायला पैसे नाहीत, असा लहान उत्पादक यादीच्या तळाशी जातो, ते वेगळेच. फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्याला हा भुर्दंड दिसत नाही, कारण तो दुसऱ्याच्या घरी जातो.

कायद्याची नजर या विषयावर फार पूर्वीपासून आहे. प्रत्यक्षात किमतीत धरलेली वस्तू फुकट दिल्याचा आभास निर्माण करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात होते आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम राहिले. जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ग्राहकाला प्रतिसादाचा अटळ खर्च आणि वस्तू आणण्याचा वा पोचवण्याचा खर्च याहून अधिक काही द्यावे लागत असेल, तर त्या वस्तूस ‘मोफत’ म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी अधिसूचित झाली. मोफत सभासदत्वासाठी कार्डाचा तपशील किंवा आपोआप वजावटीची परवानगी मागणे हेही त्यांत मोडते.

विकत घेतलेल्या अभिप्रायांबाबत मात्र तरतूद तोकडी पडते. विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहू नये, असे २०२० चे ई-वाणिज्य नियम सांगतात. परंतु येथे लिहिणारा खराच ग्राहक असतो! ही फट ओळखून भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक आणले. विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात अपेक्षित आहे. मात्र ते लागू झाले ते ऐच्छिक स्वरूपात. आणि ज्याचा धंदा ताऱ्यांवर चालतो, त्याने आपण होऊन तारे खुडावेत ही अपेक्षा जरा भाबडीच म्हणावी लागेल. अमेरिकेच्या व्यापार आयोगाचा खोट्या आणि विकत घेतलेल्या अभिप्रायांना मज्जाव करणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून तशी बंदी घातली. आपल्याकडेही ‘ऐच्छिक’ हा शब्द काढून टाकण्याची वेळ आली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

फुकट वस्तू घेऊन अभिप्राय देणे मुळातच निषिद्ध आहे, असा याचा अर्थ नव्हे. अॅमेझॉनने २०१६ मध्ये मोबदल्याच्या अभिप्रायांवर बंदी घातली, तेव्हा स्वतःची ‘वाइन’ ही योजना तेवढी वगळली. तीत निवडक ग्राहकांना वस्तू मोफत मिळते, अभिप्राय वाईट लिहिण्यास मोकळीक असते आणि वस्तू फुकट मिळाल्याची नोंद वाचकाला दिसते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरील प्रभावी मंडळींसाठी सूचना काढल्या. त्यांतही फुकट मिळालेल्या वस्तूचा उल्लेख ठळकपणे करण्याचे बंधन आहे. धंद्याच्या ओघात मिळालेल्या अशा लाभांवर, वर्षाला वीस हजार रुपयांपुढे, दहा टक्के करकपातीची तरतूदही जुलै २०२२ पासून लागू झाली. थोडक्यात, सरकारच्या लेखी ही वस्तू कमाई ठरू शकते.

शिवाय या वाटेवर ग्राहक स्वतःही सुरक्षित नाही. दलालाने पैसे बुडवले, तर तक्रार कोणाकडे करणार? संकेतस्थळाचे नियम आपणच मोडलेले असतात. तेथे खाते बंद होण्याची शक्यताच अधिक. यापुढचे वळण अधिक घातक आहे. अभिप्राय द्या, तारे द्या आणि घरबसल्या कमवा, या आमिषाने सुरू होणारे ‘टास्क’ फसवणुकीचे प्रकार याच सवयीवर पोसले जातात. आरंभी शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. विश्वास बसला की, पुढच्या कामासाठी आधी पैसे भरा, अशी मागणी होते आणि मग रकमेला शून्ये वाढत जातात. नोकरीच्या शोधात असलेला तरुण किंवा घरी राहून चार पैसे जोडू पाहणारी गृहिणी यात सहज ओढली जाते.

वस्तूचा अनुभव एकमेकांना सांगण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून, महिन्याची मागणी एकत्र नोंदवून, माल घाऊक आणून वाटून घेण्याची पद्धत रुजवली. डाळीत खडे निघाले, तर ते कोणाला सांगायचे हे प्रत्येक घराला ठाऊक असे, आणि सांगणाऱ्याला त्याचे कोणी पैसे देत नसे. तेथे फुकट काही नव्हते; रास्त भाव तेवढा होता.

तूर्त, अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांऐवजी दोन आणि तीन ताऱ्यांचे मजकूर आधी वाचावेत. ते विकत घेण्यात कोणाला रस नसतो. एकाच आठवड्यात उगवलेल्या स्तुतिसुमनांकडे साशंकतेने पाहावे. खरेदीविषयीच्या तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. पैसे खात्यातून गेलेच असतील, तर १९३० वर तत्काळ कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवता आली, तरच ती परत मिळण्याची आशा राहते.