सायकलची शर्यत आणि घरची माणसे

खेळ हा खेळणाऱ्याचा. घरच्यांनी फार तर टाळ्या वाजवाव्यात, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. वार्षिक क्रीडासमारंभाचे दृश्य आठवावे. मुले मैदानात, पालक मांडवाखाली खुर्च्यांवर, आणि दोहोंच्या मध्ये चुन्याची पांढरी रेघ. शर्यत संपली की वडील विचारतात, “कितवा आलास?” तिसऱ्याच्या खालचा नंबर असला की संभाषण तेथेच आटोपते. आमच्या मते ती रेघ पुसून टाकण्याजोगी आहे. असे आम्हांस का वाटते, हे सांगण्यासाठी नाशिकच्या दोघा भावांची हकीकत येथे देत आहो.

आळेफाट्यावर उभे राहिले असता एक रस्ता माळशेज घाटाकडून येऊन नगरकडे जातो व दुसरा पुण्याहून येऊन नाशिकला जातो. ह्या दुसऱ्या रस्त्याच्या नाशिककडील टोकास राहणारे डॉ. हितेंद्र महाजन व डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून सायकल चालविणारे हे गृहस्थ २०१५ साली ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ह्या शर्यतीत दोघांचा संघ करून उतरले आणि ८ दिवस व सुमारे १५ तासांत ती त्यांनी पुरी केली. ही शर्यत तडीस नेणारा तो पहिलाच भारतीय संघ होय.

ह्या शर्यतीचे स्वरूप ध्यानी घेतल्यावाचून त्यांच्या पराक्रमाची कल्पना येणार नाही. पॅसिफिक महासागराच्या काठी ओशनसाइड येथे निघावयाचे आणि, २०१५ साली तरी, पलीकडच्या किनाऱ्याजवळ अ‍ॅनापोलिस येथे पोहोचावयाचे होते. अंतर सुमारे ३,००० मैल, म्हणजे ४,८०० किलोमीटर. नाशिकहून पुण्यास जाऊन परत यावे, अशा अकरा-साडेअकरा खेपा कराव्यात, तेव्हा कोठे हा हिशेब जमतो. वाटेत वाळवंट आहे, रॉकी पर्वत आहे, कॅन्ससची कंटाळवाणी सपाटी आहे, आणि माणूस थकल्यावर पुन्हा ॲपलेशियन डोंगरांचे चढउतार आहेत. १९८२ साली अवघ्या चार स्वारांनिशी ही शर्यत सुरू झाली. तीत मुक्काम नाहीत. एकदा चालू झालेले घड्याळ शेवटपर्यंत थांबत नाही. स्वार झोपला तरी ते चालूच राहते. दोघांच्या संघास नऊ दिवसांची मुदत असते.

म्हणून एकाने चालवावे आणि दुसऱ्याने मागील मोटारीत पाठ टेकावी, मग पाळी बदलावी, असा क्रम रात्रंदिवस चालतो. रात्री तर स्वाराच्या मागे दिवे लावलेली मोटार असलीच पाहिजे, असा नियमच आहे. त्या मोटारीत हाकणारा, वाट दाखविणारा, खाणेपिणे पाहणारा, पंक्चर काढणारा अशी मंडळी लागतात, आणि त्यांच्याही झोपेचे खोबरेच होते. आम्हांस सर्वांत लक्षणीय वाटते ते हे की निकालात संघाची वेळ एकच. थोरल्याचे किती व धाकट्याचे किती, असा वाटपाचा प्रश्न निघत नाही. आपल्या जुन्नर-आंबेगावात हातभर बांधासाठी दोघे भाऊ तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात. त्यांनी ह्या गोष्टीचा क्षणभर विचार करावा.

आता याहून निराळ्या तऱ्हेची एक स्पर्धा पाहा. एकचाकी सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सर्कस उभी राहते. विष्णुपंत छत्रे यांच्या महाराष्ट्रात तसे होणे स्वाभाविकच आहे. परंतु ह्या एकचाकीच्या जागतिक स्पर्धाही भरतात. त्यांस ‘युनिकॉन’ म्हणतात. पहिली १९८४ साली अमेरिकेतील सिरॅक्यूस येथे झाली. २०२४ ची बेमिजी ह्या गावी झाली. शंभर मीटरची धाव, डोंगर उतरणे, संगीताच्या तालावरील कसरती, इतकेच नव्हे तर एका चाकावर बसून हॉकी व बास्केटबॉलही तेथे खेळतात. राष्ट्रीय निवडीतून पार पडल्यावाचून प्रवेश नाही, अशी अट तेथे नाही. आणि गट वयाप्रमाणे असतात. त्यामुळे दहा वर्षांची मुलगी आपल्या गटात, व तिला घेऊन आलेले आईबाप आपापल्या गटात उतरू शकतात. अशा ठिकाणी ‘कितवी आलीस’ हे विचारणे वडिलांस जरा जडच जात असेल, कारण मुलगीही उलट तेच विचारू शकते!

पालक म्हणतील, हे सारे परदेशातले. आमच्या रस्त्यावरून कांद्याचे ट्रक धावतात, तेथे पोरास सायकल देण्याचीच भीती वाटते. ही भीती खोटी नव्हे. आळेफाट्याचा बाजार भरला असता मोठ्या माणसासही रस्ता ओलांडणे कठीण होते. परंतु त्यावर उपाय सायकल माळ्यावर टांगून ठेवणे हा नव्हे. रविवारी सकाळी गावातल्या आतल्या वाटेने मुलाच्या मागे आपली सायकल घेऊन निघावे. रात्रीच्या मोटारीचा नियम येथे तोच आहे. खर्चाचे म्हणाल, तर १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कोणा धनिकाचे चिरंजीव नव्हते. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी जमविली व प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले. आम्ही तर येथे फक्त रविवारची सकाळ मागत आहो.

कोणी गुरुजी आणखी असे म्हणतील की शर्यत म्हटली की बक्षीस एकासच, आणि संत पौलानेही करिंथकरांस लिहिताना शर्यतीचाच दृष्टांत घेतला आहे. खरे आहे, परंतु ते पत्र त्याने एका धावणाऱ्यास धाडले नाही, साऱ्या मंडळीस धाडले.

तेव्हा आमची सूचना अशी. येत्या क्रीडासमारंभात एक शर्यत घरांची ठेवावी. एका घरची दोन माणसे, मग ती बापलेक असोत, मायलेकी असोत की बहीणभाऊ. सायकल एकच, फेऱ्या वाटून घ्याव्यात आणि वेळ दोघांची मिळून एक नोंदवावी. जोडीत एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी असावी, याहून दुसरी अट नको. आजोबा उतरले तर त्यांच्या फेरीस लागेल तितका वेळ लागू द्यावा. बोर्डिंगातल्या मुलांचे घर दूर असते, कित्येकांस तर नसतेच. त्यांच्या जोडीस मेट्रनबाईंनी व शिक्षकांनी उतरावे, आणि ह्या जोड्यांची नावे सर्वांच्या आधी पुकारावीत. त्या दिवशी मांडवाखाली खुर्च्या निम्म्याच मांडल्या तरी पुरतील.