टाके डाळीने पिकत नाहीत



अमरावतीचे इर्विन असो की अकोल्याचे सर्वोपचार, ऑपरेशन ठरले की घरचे दोन गोष्टींसाठी धावतात : पैसा आणि रक्त. पेशंटचे वजन किती उतरले, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

१९३६ साली स्टडली नावाच्या अमेरिकन सर्जनने अल्सरच्या ऑपरेशनच्या पेशंटांची नोंद तपासली. ज्यांचे वजन आधीच पाचव्या हिश्श्याहून जास्त घटले होते, त्यांतले तिघांमागे एक दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण शंभरात तीन-चारच होते. आज शस्त्रक्रिया सुधारली, पण जखम भरायला प्रथिने लागतात हे बदललेले नाही.

तीन ते सहा महिन्यांत ५० किलोचा माणूस ४५ वर आला, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. कुपोषण फार असेल आणि ऑपरेशन तातडीचे नसेल, तर आधी ७ ते १४ दिवस आहार सुधारून मग ऑपरेशन करणे हिताचे असते.

आपल्या घरी उलटेच होते. ‘डाळीने टाके पिकतात, अंडे गरम पडते’ म्हणून आजी-आत्या पेशंटला साबुदाणा आणि वरणाच्या पाण्यावर ठेवतात. माया खरी, समजूत खोटी. टाके पिकतात जंतूंनी. साखर वाढलेली, तंबाखू चालू, अंग खंगलेले, तर धोका जास्त. ५० किलोच्या पेशंटला रोज ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात. म्हणून डॉक्टरांनी खायला सांगितले की घट्ट वरण, अंडी, दूध, दही, सोयाबीनच्या वड्या थोड्या थोड्या, पाच-सहा वेळा द्या. किडनीचा आजार असेल तर आधी विचारा.

‘उपाशी ठेवा’ म्हटले तर किती तास, तेही विचारा. बहुतेकांना हलके जेवण सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. तुमच्या पेशंटची वेळ भूलतज्ज्ञच ठरवतील. ऑपरेशन पुढे गेले तर पुन्हा विचारा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भरती पेशंटचे जेवणही धरलेले असते. ते मागायला, केसपेपरवर वजन लिहून घ्यायला लाजू नका. तो उपकार नाही, आपला हक्क आहे.