विश्लेषण : डॉक्टरांची विडंबनगीते… हसायचे नेमके कोणाला?

वैद्यकीय महाविद्यालयाचे गॅदरिंग आणि विडंबनगीत यांचे नाते जुने आहे. चाल सिनेमाची, शब्द नाइट ड्यूटीचे, खडूस सरांचे आणि व्हायवात उडालेल्या दांडीचे. पूर्वी ही गाणी हॉलमध्येच विरून जायची. आता समोर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो आणि ‘मेडिकल’च्या हॉस्टेलमधला विनोद चहा संपेपर्यंत गडचिरोलीतल्या मोबाइलवर पोहोचतो. त्यामुळे हा विनोद कोणावर आहे, हा प्रश्न आता फक्त कॉलेजपुरता राहिलेला नाही.

सर्वात गाजलेला अल्बम कोणता?

‘फिटनेस टू प्रॅक्टिस’. अ‍ॅडम के आणि सुमन बिस्वास या लंडनच्या दोन डॉक्टरांनी ‘अ‍ॅमॅच्युअर ट्रान्सप्लांट्स’ या नावाने तो २००४ मध्ये काढला. के स्त्रीरोग व प्रसूती विभागात, तर बिस्वास भूलतज्ज्ञ. प्रसिद्ध गाण्यांच्या चालींवर त्यांनी भूलशास्त्र, औषधांची लांबलचक नावे, कंटाळलेले डॉक्टर असे विषय बसवले. अल्बमचे नावही खोचक आहे. डॉक्टर व्यवसाय करण्यास लायक आहे की नाही, याची चौकशी तिथली ‘जनरल मेडिकल कौन्सिल’ करते आणि त्या चौकशीसाठी हाच शब्दप्रयोग वापरला जातो. (नागपुरात जीएमसी म्हटले की लोक मेडिकल चौकाकडे बोट दाखवतात, लंडनमध्ये त्याच तीन अक्षरांनी डॉक्टरांना घाम फुटतो.)

मग इतके हसणारे डॉक्टर खुशीत असतात का?

के यांची पुढची गोष्ट वेगळेच सांगते. त्यांनी २०१० मध्ये वैद्यकीय व्यवसाय सोडला. एका सिझेरियनमध्ये वार गर्भाशयाच्या तोंडाशी असल्याचे आधी लक्षात आले नव्हते. बाळ वाचले नाही, आईचे गर्भाशय काढावे लागले. त्यानंतर अनेक महिने आपल्याला हसूच आले नाही, असे के यांनी २०१७ मधील ‘धिस इज गोइंग टू हर्ट’ या पुस्तकात लिहिले आहे. हे पुस्तक लाखोंनी खपले आणि २०२२ मध्ये बीबीसीने त्यावर मालिका काढली. लोकांना हसवणाऱ्या डॉक्टरची ही अवस्था झाली, यातच बरेच काही आले.

आपल्याकडचे चित्र फार वेगळे नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालासाठी २५ हजारांहून अधिक एमबीबीएस विद्यार्थ्यांनी ऑनलाइन सर्वेक्षणात उत्तरे दिली. त्यातील २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावे, अशी शिफारस या कृती दलाने केली. म्हणजे ७४ तास ही सवलत! या पार्श्वभूमीवर कोणी रात्री तीन वाजता ड्यूटीच्या रोस्टरवर गाणे रचत असेल, तर त्याला ‘संवेदनाहीन’ ठरवणे घाईचे होईल.

मग आक्षेप कुठे आहे?

विनोदाची दिशा बदलते तिथे. के यांच्या पुस्तकावर प्रसूतीच्या वेदनादायी अनुभवातून गेलेल्या काही महिलांनी आक्षेप घेतला. आपण टेबलवर असहाय पडलो होतो आणि तोच प्रसंग कोणाच्या तरी विनोदाचा कच्चा माल झाला, अशी ती सल होती. ‘डॉक्टरांनाही हलके व्हायचे असते’ या उत्तराने ती मिटत नाही.

अमेरिकेतील झुबिन दमानिया यांचे काम याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. भारतातून गेलेल्या पारशी कुटुंबातील हे डॉक्टर ‘झेडडॉगएमडी’ या नावाने विडंबने करतात. २०१५ मध्ये त्यांनी एमिनेम आणि रिहाना यांच्या गाण्याच्या चालीवर आयुष्याच्या अखेरीस यंत्रांना जखडून ठेवलेल्या रुग्णाचे गाणे केले. त्याच वर्षी दुसऱ्या गाण्यात त्यांनी रुग्णाऐवजी संगणकाकडे बघायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरची खिल्ली उडवली. दोन्हीकडे चिमटा व्यवस्थेला आहे. त्यातून रुग्णाची बाजूही मांडली जाते.

नागपुरात हा फरक जास्त टोचतो. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’मध्ये गडचिरोली, मेळघाट, शेजारच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधून रुग्ण येतात. कोणी गोंडीत दुखणे सांगतो, कोणी आजाराचे नाव चुकीचे उच्चारतो, कोणी आधी मांत्रिकाकडे जाऊन येतो. त्यावर गाणे करणे सर्वात सोपे, टाळ्याही हमखास. पण त्या रुग्णाला उत्तर द्यायला स्टेज मिळत नाही आणि पुढच्या वेळी तो आजार लपवतो. लिफ्ट बंद, स्ट्रेचर गायब, एका बेडवर दोघे, हे विषय असताना रुग्णाच्या बोलीवर घसरण्याची गरज काय?

नियम काय सांगतात?

डॉक्टरांच्या समाजमाध्यम वापरासाठी तपशीलवार सूचना असलेले आयोगाचे नियम २ ऑगस्ट २०२३ ला आले आणि २३ ऑगस्टला स्थगित झाले. त्यामुळे २००२ चीच आचारसंहिता लागू राहिली. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र किंवा माहिती परवानगीशिवाय प्रसिद्ध करायला तिच्यातही मनाई आहे. नाव गाळले म्हणजे झाले, असे नाही. गाव, वय आणि दुर्मीळ आजार एवढ्यावरून तालुक्यात माणूस ओळखता येतो.

आणि चालीचे काय?

इथे बरेच जण अडकतात. विडंबनाला ब्रिटनने २०१४ मध्ये कायद्यात स्पष्ट सवलत दिली. भारताच्या कॉपीराइट कायद्यात ‘विडंबन’ हा शब्दच नाही. कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठीच्या ‘न्याय्य वापरा’ची सवलत आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका नाटकाच्या प्रति-नाटकाला तिचा लाभ दिला होता. पण सिनेमाची चाल उचलून ड्यूटीचे रडगाणे गायले, तर ती मूळ गाण्यावरची टीका ठरेलच असे नाही. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा तर कलम वाचतच नाही. ती ध्वनीचा ठसा जुळवते. मूळ ट्रॅक वापरला की दावा येतो.

मराठीत विडंबनाची परंपरा मोठी आहे. ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ काढली, त्याला शंभर वर्षे झाली. चालींसाठीही सिनेमाकडेच जायला हवे असे नाही. भारूड आहे, पोवाडा आहे, पूर्व विदर्भातील खडी गंमत आणि दंडार आहे. पारंपरिक चालींवर कोणाचा कॉपीराइट नाही. सवाल-जवाबात अधीक्षक आणि निवासी डॉक्टर समोरासमोर उभे केले, तर लिफ्टपासून स्टायपेंडपर्यंत सगळे त्यात बसते.