जू उतरल्यानंतरची वर्षे

बीड जिल्ह्यातल्या नेकनूर किंवा हिरापूरच्या बाजारात बैलाच्या वयाबद्दल मालकाचा शब्द कोणी घेत नाही. गिऱ्हाईक ओठ खाली करून स्वतःच दात पाहते. गुरांना समोरचे दात खालच्या जबड्यातच, एकूण आठ. दुधाचे दात पडून पहिली जोडी आली की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि पाचव्या वर्षाच्या आतबाहेर जुळलेला. त्यापुढे वय ओळखायचे ते दातांच्या झिजेवरून. दहा-बारा वर्षांच्या बैलाचे दात आखूड होतात, त्यांत फटी पडतात, आणि बाजारभाव उतरत जातो.

दावणीजवळ उभे राहिले तर म्हातारपण दात न पाहताही कळते. चावून झालेल्या कडब्याचा बोळा तोंडातून गळून गव्हाणीत पडतो, शेणात न पचलेल्या काड्या दिसतात. डोळ्यांवरचे खळगे खोल जातात, खूर वाढतात, उठताना बैल मागच्या पायांवर जोर घेऊन पुन्हा खाली बसतो. मात्र सारखे डोके झटकणे, एक शिंग कलणे, एकाच नाकपुडीतून रक्त येणे, हे वयाचे लक्षण नव्हे. हा शिंगाचा कर्करोग असू शकतो, आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली तर बैल वाचतो. ‘आता म्हाताराच झालाय’ म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते, याचे फार वाईट वाटते.

ही लक्षणे शेतकऱ्याला दिसत नाहीत असे नाही. पण ती दिसल्यावर जू उतरवणे त्याला परवडले पाहिजे. दिवाळीच्या आगेमागे बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाडीवाल्याने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, कित्येकदा त्या पैशातूनच बैलजोडी घेतलेली असते. हंगामाच्या मध्यावर एक बैल बसला तर गाडी थांबते आणि उचल अंगावर राहते. म्हणून खांदा सुजलेला बैलही जुंपला जातो. त्या माणसाला निर्दय म्हणणे सोपे आहे; मला ते पटत नाही.

1976 च्या राज्य कायद्यानुसार काम न देणारा बैल दाखला घेऊन कत्तलीसाठी देता येत होता. मार्च 2015 पासून ती वाट बंद झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये ही बंदी कायम ठेवली. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. म्हातारा बैलही शेणखत देतो, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये गुजरातच्या खटल्यात मान्य केला. शिवाय ट्रकमध्ये कोंबून, पाण्यावाचून होणारा तो शेवटचा प्रवास कोणाला हवासा वाटेल?

तरीही हिशेब उरतो. 2019 च्या दुष्काळात चारा छावणीतल्या मोठ्या जनावरासाठी सरकारने दिवसाला 100 रुपये धरले होते. त्या दराने वर्षाचे 36,500 होतात. कोरडवाहू दोन एकरवाल्याला शेणखतातून एवढे सुटत नाहीत. मग दावे सोडले जाते आणि जनावर दुसऱ्याच्या तुरीत शिरते, नाहीतर गोठ्यात अर्धपोटी बांधून राहते. कत्तल टळली म्हणून या उपासमारीला दया म्हणता येणार नाही.

अशी जनावरे सांभाळणारेही आहेत. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीच्या शब्बीर सय्यद यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. शंभराहून अधिक गाई त्यांनी सांभाळल्या. बैल द्यायचा तो शेतकऱ्यालाच, आणि थकला तर परत आणायचा, हा त्यांचा रिवाज. हे काम मोठेच आहे. पण एका कुटुंबाच्या जिवावर जिल्ह्याचे धोरण चालत नाही, आणि त्यांच्या त्यागाकडे बोट दाखवून इतरांना लाजवणे तर मुळीच योग्य नाही.

कायदा असावा की नसावा, यावर माणसे भांडत राहतील. तो आहे तोवर त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी 50 रुपये मंजूर केले. शेतकऱ्याच्या गोठ्यातला म्हातारा बैल त्यात बसत नाही. तसेच अनुदान त्याच्या दावणीपर्यंत यावे. छावण्यांत जनावरांचे आकडे फुगवल्याच्या तक्रारी याच जिल्ह्यात झाल्या, तेव्हा लबाडीची शंका रास्त आहे. पण आता जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. पशुवैद्यकाने वर्षातून दोनदा दावणीवर येऊन बिल्ला, दात आणि अंगावरचे मांस पाहावे आणि पैसे त्यावरच सोडावेत.

यातली एक तपासणी टोळ्या निघण्याआधी व्हावी. ज्या बैलाचा खांदा बरा नाही, त्याच्या मालकाला साखर कारखान्याने दुसरा बैल घेण्यापुरती उचल बिनव्याजी वाढवून द्यावी. म्हातारा बैल घरी राहिला तरी त्या कुटुंबाचा हंगाम बुडणार नाही.