कामात बरकत किती?

उर्दूत कामात गुंतलेल्या माणसाला 'मसरूफ' म्हणतात. हा शब्द अरबी 'सर्फ'वरून आला, आणि उर्दूत सर्फ म्हणजे खर्च. मसरूफ माणूस म्हणजे खर्ची पडलेला माणूस. तो कशासाठी खर्ची पडला, हातात काय आले, हे या शब्दात येत नाही. त्यासाठी दुसरा शब्द आहे, 'बरकत'. तो मराठीने केव्हाच आपला करून घेतला आहे. 'एवढी मिळकत आहे, पण घरात बरकत नाही' हे वाक्य कुठल्याही गल्लीतल्या, कुठल्याही धर्माच्या आजीकडून ऐकायला मिळते. पैशाबाबत हा फरक आपल्याला चटकन कळतो. कामाच्या बाबतीत मात्र आपण खर्चालाच मिळकत समजू लागलो आहोत.

रमजानमध्ये हा घोळ उघडा पडतो. पहाटे सहेरीला उठायचे, साधारण तेरा तास पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, रात्री तरावीहची लांब नमाज. झोप कमी, अंगातली ताकद मोजकी. दुपार कलली की रोजेदार आपोआप कामे निवडू लागतो. यातले कोणते आजच झाले पाहिजे? कोणते मीच केले पाहिजे? आणि कोणते न केल्याने कुणाचे काहीच बिघडणार नाही? अकरा महिने हा प्रश्न पडत नाही, कारण ताकद उधळायला भरपूर असते.

आपल्या बाजारपेठेतल्या शिंप्याकडे पाहा. अर्धा रमजान सरला की त्याच्या दुकानावर पाटी लागते : ईदपर्यंत नवीन कपडे घेतले जाणार नाहीत. दिवाळीच्या आधीही हेच होते. गिऱ्हाईक परत पाठवणे त्याला परवडत नसते. पण घेतलेला जोड ईदच्या नमाजेपूर्वी गिऱ्हाइकाच्या अंगावर गेला नाही, तर रात्र-रात्र चाललेल्या मशीनला काही अर्थ नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. सुशिक्षितांच्या कचेऱ्यांत अशी पाटी कधी लागत नाही. तिथे बैठक ठरवण्यासाठी बैठक होते, अहवालाचा अहवाल पाठवला जातो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'नोटेड सर' लिहिले की काम झाल्यासारखे वाटते. संध्याकाळी माणूस दमून घरी जातो. तो दमणे खरे असते, म्हणून तर फसगत लवकर लक्षात येत नाही.

माझ्या क्षेत्राचे उदाहरण देतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांची बढती गुणांकाशी जोडली. शोधनिबंधाला इतके गुण, परिसंवादाला इतके. हेतू चांगला होता : काम करणाऱ्याची नोंद व्हावी. पण गुण कागद मोजत होते, ज्ञान नव्हे. मग पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. २०१८ साली आयोगाला आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली, आणि त्याच वर्षीच्या नियमावलीत ती गुणांक पद्धतही बाजूला सारली गेली. मधल्या काळात किती रात्री जागून किती पाने लिहिली गेली असतील! आळशी कोणीच नव्हते, सगळे मसरूफ होते. आजही अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे तक्ते भरण्याच्या घाईत दारात शंका घेऊन उभ्या असलेल्या मुलीला 'उद्या ये' सांगितले जाते. बहुतेक वेळा ती उद्या येत नाही. ही गोष्ट कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

नोंदी नकोत असे नाही. हिशेब ठेवणे ही सचोटीच आहे. फक्त नोंद ही कामाची सावली आहे. सावली सांभाळताना झाडच वाळू नये.

ही कसोटी इस्लामने रोजालाही लावली आहे. कित्येक रोजेदारांच्या वाट्याला भूक-तहानेपलीकडे काही येत नाही, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. दिवसभर उपाशी राहिला, पण खोटे बोलणे सुटले नाही, तर तेरा तास भरले आणि रोजा मात्र रिकामा राहिला. दुसऱ्या टोकाला शब-ए-कद्र आहे. ही एक रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ असल्याचे कुरआन सांगते. हजार महिने म्हणजे त्र्याऐंशी वर्षांहून अधिक, जवळपास एक आयुष्य. इबादतीचेही मोल तासांवर ठरत नाही, मग कचेरीतल्या कामाचे कसे ठरेल?

एक गोष्ट विसरून चालणार नाही. रोजा ठेवून मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या हमालाला 'कमी काम करा, नेमके करा' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याचे प्रत्येक पोते मोजले जाते आणि मोजलेले प्रत्येक पोते खरोखर हललेले असते. निवड करण्याची मुभा खुर्चीवर बसणाऱ्यांना आहे, म्हणून जबाबदारीही आपलीच.

इफ्तारपूर्वीची काही मिनिटे दुआची असतात. खजूर समोर असतो, हात रिकामे असतात, करण्यासारखे काही नसते. त्या वेळी दिवसभरात किती कामे उरकली हे मोजण्याऐवजी एवढेच विचारावे : आज माझ्यामुळे कुणाचे कोणते काम पुढे सरकले? एक नाव आठवले तरी दिवसात बरकत होती. हा प्रश्न विचारायला रोजा असलाच पाहिजे असेही नाही. सांजवातीची वेळही चालेल.