संकट टळलं नाही, म्हणून देव नव्हता?

घरात मोठं आजारपण आलं की आपल्या मंडळीत स्तोत्र ९१ वाचलं जातं. करोनाच्या साथीत कित्येकांनी ते दारावर चिकटवलं होतं. त्यात गैर काहीच नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून मीही ते वाचलं आहे. माझा विरोध आहे तो त्यामागे मांडल्या जाणाऱ्या हिशेबाला. विश्वास पक्का असेल तर मरी घराला शिवणार नाही, आणि शिवलीच तर विश्वासात कुठेतरी खोट असणार, असा तो हिशेब.

पवित्र शास्त्रात या स्तोत्राचा असा अर्थ लावणारा एकच आहे, तो म्हणजे सैतान. येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करून तो हेच स्तोत्र ऐकवतो: टाक उडी, देवदूत झेलतील. येशू उडी टाकत नाही. पित्यावरचा भरवसा सिद्ध करून दाखवायला तो साफ नकार देतो.

ओळखीच्या एका घरात तरणा मुलगा गेला. भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी त्याच्या आईला विचारलं, "उपास-प्रार्थना नीट चालू होती ना?" ती माउली हातात चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. पुढे कित्येक महिने ती उपासनेला आली नाही, आणि मी तिला दोष देणार नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते खरे सोबती होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि त्याची पापं शोधायला लागले. शेवटी देवाचा राग ओढवला तो याच मित्रांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे.

दुसरी बाजू म्हणते, संकट टळलं नाही तरी देव जवळ आहे, असा भरवसा माणसाला हातपाय गाळून बसायला शिकवतो. त्यांनी पंडिता रमाबाईंच्या केडगावला जाऊन यावं. रमाबाईंनी १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, १८८२मध्ये पटकीने नवरा गेला. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणून पुढची वाट सोपी झाली नाही. विधवा-मुलींसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनावरून पुण्यात वादळ उठलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि स्वतःच्या भुकेचे दिवस आठवत सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. त्यांना केडगावच्या उघड्या माळावर नेलं. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, पुढे छापखाना चालवला. प्लेगच्या इस्पितळात बायकांची होणारी हेळसांड त्यांनी त्याच वर्षी वर्तमानपत्रात पत्र लिहून चव्हाट्यावर मांडली. हातपाय गाळलेली बाई सरकारशी अशी भांडत नाही.

जुलै १९२१मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. बक्षिसाच्या हिशेबाने पाहिलं तर सगळी उमर देवाच्या कामात घालवलेल्या बाईच्या पदरात हे पडायला नको होतं. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. लेकीच्या मागेही त्यांनी ते काम सोडलं नाही आणि नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ला, त्याही गेल्या. देव जवळ आहे, हा त्यांचा भरवसा संकट टळण्यावर टेकलेलाच नव्हता, म्हणून तो लेकीबरोबर गेला नाही.

मग प्रार्थना तरी कशाला करायची, असं कुणी विचारेल. गेथशेमाने बागेत येशूने हा प्याला टळो म्हणून प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाही. वधस्तंभावर तो स्तोत्र २२मधला, देवाने टाकल्याचा आक्रोश करत होता. देवाच्या पुत्राला ते दुःख बोलून दाखवता आलं, तर आपल्या मंडळीतल्या आईला का येऊ नये? आमच्याकडे मात्र दफनविधीलाही 'रडू नका, स्तुती करा' असं सांगतात. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, त्यात शेवटी दिलाशाची ओळ नाही, तरी ती देवाशीच केलेली प्रार्थना आहे. पाळकसाहेबांना माझी विनंती आहे: येत्या सांत्वनसभेत ते वाचा, पुरं वाचा, आणि नंतर लगेच प्रवचनाला सुरुवात करू नका.