तोंडी हुकूम लेखी करून घ्या

उमेळ्यातून नायगाव किंवा वसई रोड गाठून मालाड, गोरेगाव, अंधेरीच्या कंपन्यांत आयटीचं काम करणाऱ्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी आहे. घरच्यांनीही वाचावं.

साहेबाचा आरडाओरडा एकवेळ सोसता येतो. खरा घात करतो तो फोनवरचा हुकूम. शुक्रवारी रात्री फोन येतो, "मान्यता नंतर घेऊ, बदल आत्ताच टाक." तुम्ही टाकता. शनिवारी सर्व्हर बसतो आणि सोमवारी चौकशीत नोंद सापडते ती फक्त तुमच्या लॉगिनची. म्हणून फोन ठेवला की आधी दोन ओळींची मेल करा: "सर, आत्ता सांगितल्याप्रमाणे हा बदल मान्यतेआधी टाकत आहे. काही वेगळं असेल तर कळवा." भाषा नम्र ठेवा. असे कित्येक हुकूम मेल गेल्यावर मागे घेतले जातात. बॅकअपसाठी, जास्तीच्या माणसासाठी केलेली मागणी नाकारली गेली तर तीही अशीच लिहून ठेवा. पासवर्ड मात्र कुणालाच देऊ नका, साहेबालाही नाही. आणि पुरावा हवा म्हणून कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. त्यावरूनच तुम्हाला काढता येतं. घरी एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, एवढं पुरे.

तासांचंही तसंच. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आयटी कंपन्यांनाही लागू आहे. 2025 मध्ये सरकारने वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांत रोजची मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेली, ही वाईटच गोष्ट झाली. तरी आठवड्याचे 48 तास कायम आहेत आणि त्यावरच्या कामाला दुप्पट मजुरी द्यावी लागते. "तू लीड आहेस, तुला कायदा नाही," असं कुणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका. खरोखर व्यवस्थापन करणारे यातून वगळले आहेत, पण कार्डावर काय छापलंय यापेक्षा तुम्ही रोज काय काम करता हे महत्त्वाचं ठरतं.

2024 च्या जुलैत पुण्यात एक 26 वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट मुलगी नोकरीच्या चार महिन्यांत वारली. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. कंपनीने ताणाचा आरोप नाकारला. पण कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला गेले तेव्हा त्या नामांकित कार्यालयाची याच दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं निघालं. वर्षानुवर्षं कुणी विचारलंच नव्हतं. हे मला फार लागतं.

विचारायला एकट्याने जाऊ नये. हरित वसईच्या चळवळीत फादर दिब्रिटोंबरोबर उभे राहिलेले, 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावं वगळा म्हणून रस्त्यावर उतरलेले लोक इथलेच. त्यांचीच मुलं ऑफिसात एकेकटी गप्प बसतात. पुण्यात 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कामगार आयुक्तांकडे तक्रारी नेते. मुंबईत आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, कामगार भवनात आहे.

आई-बाबांनो, मुलाने नोकरी सोडायचं म्हटलं तर आधी गृहकर्जाच्या हप्त्याचा विषय काढू नका. झोप लागते का, जेवण जातं का, ते विचारा. सोडायचीच ठरली तर नोटीस पूर्ण करून, काम लेखी सोपवून, अनुभवपत्र आणि पीएफची नोंद तपासून सोडू द्या.

आणि येत्या रविवारी गावातल्या आयटीतल्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसा. येताना प्रत्येकाने आपलं नियुक्तीपत्र आणा. नोटीस किती, बाँड आहे का, तासांबद्दल काय लिहिलंय, ते एकमेकांना वाचून दाखवा.